मागच्या टेबलावर ऐकू येतं

अनघा गेल्याची बातमी मला काचेतून कळली. मी ज्या कारखान्यात काम करतो तिथे इंजेक्शनं भरण्याच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून आत जायचं, मग बाहेरच्या जगाशी संबंध उरतो तो भिंतीतल्या मोठ्या काचेपुरता. ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी सकाळी आमची सुपरवायझर काचेपाशी येऊन उभी राहिली. एरवी ती टकटक करते, हातवारे करते. त्या दिवशी नुसती उभी राहिली आणि माझी नजर तिच्याकडे जाईपर्यंत थांबली. मी समजलो. तरी पोशाख उतरवायला नेहमीइतकाच वेळ लागला, कारण तो उतरवण्याचा क्रम ठरलेला आहे आणि हात तोच क्रम पाळत राहिले... बाहेर येऊन समीरला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, झालं. मुक्ता शाळेत आहे. तिला आणायला तू जातोस का?"

अनघा माझी मावसबहीण, माझ्याहून सात वर्षांनी लहान. गेली तेव्हा एक्केचाळीस पूर्ण होती. शिक्षणाने आणि पेशाने भूलतज्ज्ञ. सांगलीची शाळा, मिरजेला वैद्यकीय शिक्षण, मग मुंबई, आणि शेवटची आठ वर्षं आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या टॅला भागातल्या रुग्णालयात. तिचा नवरा समीर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता. मला आकड्यांची खोड आहे आणि अनघाला त्या खोडीची चेष्टा करण्याची खोड होती. "दादा, तू जेवतानासुद्धा पोळ्यांची सरासरी काढत असशील," असं ती माझ्या बायकोसमोर म्हणायची. तिच्याविषयी लिहायला बसलो तेव्हा ठरवलं की ती फार गुणी होती, हसतमुख होती वगैरे लिहायचं नाही. हसतमुख ती नव्हतीच. हट्टी होती, आणि तिचा हट्ट कशासाठी होता हे लोकांना उशिरा कळायचं.

त्यांनी डब्लिनच्याच क्लोनडॉकिन भागात घर घेतलं ते २०१४ मध्ये, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मुक्ता चार वर्षांची होती आणि सप्टेंबरात तिला शाळेत घालायचं होतं. महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं की या देशातल्या दहापैकी जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. पगार सरकार देतं, शिक्षक चांगले असतात, पण जागा कमी आणि मुलं जास्त झाली की त्या काळी बाप्तिस्मा झालेल्या मुलांना आधी प्रवेश मिळायचा. सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी असलेली शाळा होती, पण तिची प्रतीक्षायादी इतकी लांब की मूल जन्मताच नाव घालावं लागे. आमच्या ओळखीतलं एक मराठी जोडपं तेव्हा त्यांच्याकडे जेवायला आलं होतं, मीही होतो. तो गृहस्थ म्हणाला, "आम्ही घेतला की बाप्तिस्मा करून. डोक्यावर पाणी पडलं, फोटो काढले, केक खाल्ला. घरी येऊन गणपतीला नमस्कार केला. कुणाचं काय बिघडलं?"

"फादरनी काही विचारलं असेल ना?" अनघाने विचारलं.

"विचारतात. याच धर्मात वाढवणार ना, म्हणून."

"मग?"

"हो म्हटलं. अगं, ती नुसती फॉर्मॅलिटी असते."

"तुमच्या दृष्टीने. त्यांच्या दृष्टीने नाही," अनघा म्हणाली आणि आमटी वाढायला उठली. ते जोडपं पुन्हा फारसं आलं नाही. समीरची घालमेल होत होती. त्याचं म्हणणं साधं होतं, मुलीला शाळा हवी. अनघाचं म्हणणंही साधंच होतं. मुलीच्या शिक्षणाची सुरुवात आईबापांनी देवासमोर खोटं बोलून करायची नाही, आणि तो देव आपला नाही म्हणून तर मुळीच नाही. ऑगस्ट संपत आला तेव्हा जवळच्याच कॅथलिक शाळेतलं एक कुटुंब कॉर्क शहरात राहायला गेलं आणि त्यांच्या मुलाची जागा मुक्ताला मिळाली. अनघाने त्याचं श्रेय कुणालाच दिलं नाही. "कॉर्कला चांगली नोकरी असेल," एवढंच म्हणाली.

शाळा चांगली होती, हे मी जबाबदारीने लिहितो. मुक्ताला कुणी चिडवलं नाही, कुणी तिच्या डब्याला नाक मुरडलं नाही. प्रश्न फक्त रोजच्या अर्ध्या तासाचा होता. तो धर्मशिक्षणाचा तास. ज्या पालकांना नको असेल त्यांना आपल्या मुलाला त्यातून काढून घेता येतं, तसा घटनेने दिलेला हक्कच आहे. पण काढून घेतलेल्या मुलाने जायचं कुठे? दुसरी खोली नाही, दुसरी बाई नाही. म्हणून ते मूल त्याच वर्गात मागच्या टेबलावर बसतं आणि चित्रं रंगवतं. मुक्ताच्या वर्गात अशी तीन मुलं होती, पुढे दोन राहिली. मी सवयीप्रमाणे हिशेब केला. दिवसाला अर्धा तास, वर्षाचे एकशे त्र्याऐंशी दिवस, आठ वर्षं. एका शालेय वर्षाचा पाऊण भाग तरी ही मुलगी रंगीत पेन्सिली धरून काढणार. अनघाला सांगितलं तर ती म्हणाली, "हिशेब बरोबर असेल दादा. पण ती किती तास तिथे बसते यापेक्षा तिथे बसून काय शिकते, ते मोजता आलं तर बघ."

नंतर एकदा, बहुधा दसऱ्याच्या सुमाराला, तिने मला एकदम विचारलं, "आपल्या शाळेत शमीम नव्हती का रे? माझ्याच बाकावर बसायची. दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढून न्यायचो, हळदकुंकू वाहायचो, नारळ फोडायचो. त्या वेळी शमीम काय करायची?" मी सांगितलं की मला कसं माहीत असणार, मी तेव्हा कॉलेजात होतो. ती म्हणाली, "मलाही आठवत नाही. सहा वर्षं शेजारी बसली आणि मला आठवतच नाही ती काय करायची. पाटी आणायची का? घरी राहायची का?... मी बघितलंच नाही कधी." एरवी अनघाला कुणाच्या शस्त्रक्रियेच्या वेळचा रक्तदाबही वर्षभर लक्षात राहायचा. हा प्रश्न तिने पुढे दोन-तीनदा तरी काढला. शाळेवर तिचा राग नव्हता तो त्यामुळेच असावा. तिथली शिक्षिका तिला आपल्यासारखीच वाटत होती, वाईट नसलेली आणि न बघणारी.

दुसरीचं वर्ष हे इथल्या कॅथलिक मुलांचं पहिल्या कम्युनियनचं वर्ष. मे महिन्यात मुली पांढरे झगे घालून, मुलं कोट घालून चर्चमध्ये जातात आणि पहिल्यांदा प्रसादाची ती पातळ पांढरी चकती ग्रहण करतात. त्याची तयारी वर्षभर वर्गात चालते, तेव्हा अर्ध्याचा तास होतो आणि तासाचे दीड. मुक्ता दुसरीत गेली तेव्हा अनघाच्या पोटात दुखायला लागलं होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये निदान झालं, स्वादुपिंडाचा कर्करोग. तिने स्वतःचे स्कॅन स्वतः पाहिले आणि समीरला सांगायच्या आधी मला फोन केला, कारण त्याला कसं सांगायचं याची तिला तालीम करायची होती. मी ऐकत होतो. तालीम संपल्यावर तिने विचारलं, "ठीक वाटलं का? जास्त डॉक्टरी नाही ना झालं?"

केमो सुरू झाली. सांगलीहून तिची आई, आमची सुमनमावशी, आली. मुक्ताची वर्गशिक्षिका, मिस ब्रेनन, तरुण आणि प्रेमळ मुलगी होती. तिला वाटलं, आई आजारी असलेल्या मुलीने कम्युनियनच्या दिवशी एकटं बसू नये. तिने विचारलं, मुक्ता गाते छान, तिला गाण्याच्या चमूत घेऊ का? सगळे प्रसादाला जातील तेव्हा तिनेही रांगेत यायचं, फक्त दोन्ही हात छातीवर दुमडून धरायचे. म्हणजे हिला चकती द्यायची नाही, नुसता आशीर्वाद द्यायचा, हे देणाऱ्याला कळतं. अनघाने होकार दिला. "गाऊ दे तिला. गाणं ते गाणं."

मे महिन्यातल्या त्या शनिवारी अनघाच्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की गर्दीत जाणं शक्य नव्हतं. समीर आणि मी गेलो. मुक्ता निळ्या फ्रॉकवर शाळेचा स्वेटर घालून चमूत उभी होती. पांढऱ्या झग्यांच्या रांगेत तिचा निळा रंग लांबूनही दिसत होता. ती मनापासून गायली. मग रांगा निघाल्या. दोन रांगा होत्या, एकीच्या टोकाला फादर आणि दुसरीच्या टोकाला चर्चची प्रसाद देणारी एक वयस्कर बाई. मुक्ता त्या बाईसमोर पोहोचली तेव्हा मला बाजूने तिची कोपरं दिसली. ती दुमडलेली नव्हती. तिने उजवा हात डाव्यावर ठेवला होता, तळव्याला खळगा केला होता आणि मान जराशी खाली घातली होती. तीर्थ घेताना आपण धरतो तसा हात. आजीने शिकवलेला. त्या बाईने चकती तिच्या तळव्यावर ठेवली. मुक्ताने ती डोळ्यांना लावली, खाल्ली नाही, मूठ मिटली आणि मूठ स्वेटरच्या खिशात घातली.

घरी आल्यावर ती सरळ वरच्या खोलीत आईकडे गेली. मुक्ता सगळं इंग्रजीत बोलते, तेही इथल्या मुलांच्या हेलात. मी मराठीत देतो आहे. ती म्हणाली, "मी एकटीने नाही संपवला. प्रसाद घरी आणायचा असतो ना. तू आजारी आहेस, तू खा." चकतीची एक कड तुटली होती आणि तिला स्वेटरची लोकर चिकटली होती.

आमच्यापैकी कुणालाही त्या क्षणी हे किती गंभीर आहे ते कळलं नव्हतं. अनघाला कळलं. ऑपरेशनच्या आधी रुग्णाला 'सकाळपासून काही खाल्लंय का' असं विचारणं हे तिचं रोजचं काम होतं, आणि म्हाताऱ्या बायका तिला सांगायच्या, "काही नाही डॉक्टर, फक्त कम्युनियन घेतलं." ते खाणं आहे असं त्यांच्या मनातही येत नसे. श्रद्धावान कॅथलिकाला ती चकती येशूची खूण नसते, तो स्वतः येशूच असतो. ती तिथेच ग्रहण करायची, आणि बाप्तिस्मा नसलेल्याने घ्यायचीच नाही. अनघाने मावशीकडून स्वच्छ वाटी मागवली, त्यात ती ठेवली, वर दुसरी वाटी झाकण म्हणून उपडी घातली. मुक्ताला म्हणाली, "तू माझ्यासाठी आणलंस, हे मला फार आवडलं. पण हे त्यांचं आहे. त्यांना परत द्यायला हवं."

संध्याकाळी मिस ब्रेननचा फोन आला. कुणा आईने मुक्ताला चकती खिशात घालताना पाहिलं होतं आणि ती अस्वस्थ झाली होती. मिस ब्रेननचा आवाज रडवेला होता. तोवर पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकीने लिहिलं होतं की काही लोकांनी तिथे वर जायलाच नको होतं, आणि त्याखाली बरेच अंगठे उमटले होते. समीर म्हणाला, मी नेऊन देतो वाटी. अनघा म्हणाली, "नाही. मी आणि मुक्ता जाणार. तिने आणलंय, तिनेच द्यायचं. लपवून परत पाठवलं तर तिला वाटेल तिने चोरी केली."

"तुझे काउंट्स बघ..."

"काउंट्स मला कळतात, समीर."

रविवारी दुपारी मी त्या दोघींना गाडीने फादरच्या घरी नेलं. फादर सत्तरीचे असतील, कोपरावर विरलेला स्वेटर, पायात घरातल्या सपाता. अनघाचं टक्कल झाकणारा रुमाल पाहून त्यांनी तिला आधी खुर्ची दिली. मुक्ताने वाटी पुढे केली. त्यांनी वरची वाटी उचलून पाहिलं, क्षणभर डोळे मिटले, मग मुक्ताला विचारलं की तू हे घरी का नेलंस. तिने आईला सांगितलं होतं तेच त्यांनाही सांगितलं. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "आजाऱ्यांच्या घरी आम्हीही नेतो, बाळ. पण ते मी नेतो." त्यांनी कपाटातून काचेचं छोटं भांडं काढलं, पाणी घेतलं आणि ती चकती त्यात ठेवली. विरघळली की चर्चच्या जमिनीत ओतायची, अशी त्यांची रीत आहे म्हणाले. मुक्ताने हळूच आईला विचारलं, "विसर्जन?" अनघाने मान डोलावली.

निघताना अनघा म्हणाली, "फादर, मला स्वतःसाठी काही नको. हिला कुणी चोर म्हणू नये, एवढं बघा." ते म्हणाले, "मी शाळेत बोलेन." आणि ते बोलले, हे मला नंतर कळलं. मुक्ताचा काही दोष नाही असं त्यांनी मुख्याध्यापिकांना स्पष्ट सांगितलं. त्यातून शाळेने एक नियम केला. यापुढे अशा मुलांनी चर्चमध्ये रांगेत यायचंच नाही. शेवटच्या बाकावर एका मोठ्या माणसासोबत बसायचं. गाण्याच्या चमूतही तीच मुलं, जी रांगेत येतील. कुणाचाही हेतू वाईट नव्हता... मागचं टेबल आता चर्चमध्येही गेलं.

पण अनघाला लागलं ते वेगळंच. फादरकडून परतताना, गाडीत, मुक्ता मागच्या सीटवरून म्हणाली, "तू का नाही खाल्लंस? डोक्यावर पाणी घेतलं असतं तर तुला खाता आलं असतं. मग तू मेली नसतीस." मी आरशात पाहिलं. अनघाने वळून तिच्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" मुक्ता म्हणाली, "कुणी नाही. टीचर त्यांना सांगत होत्या. ही भाकरी खातो तो कायम जगतो. मी मागे रंगवत होते." वर्गातल्या मुलांना तो अर्थ नीट समजावून दिला असणार, गाणी, गोष्टी, प्रश्नोत्तरं यांतून. जिला काढून घेतलं होतं तिला समजावणारं कुणी नव्हतं. मागच्या टेबलावर ऐकू येतं, एवढंच आम्ही कुणी लक्षात घेतलं नव्हतं. आणि आई मरणार आहे हेही तिला ठाऊक होतं. ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून अनघाने उरलेली ताकद एकाच कामाला लावली. आपण गेल्यावर या मुलीने आयुष्यभर असं समजता कामा नये की आईला औषध मिळालं होतं आणि ते आपण चुकीच्या रीतीने आणलं म्हणून वाया गेलं. किंवा आईच्या हट्टापायी वाया गेलं. ती मुक्ताला जवळ बसवून कागदावर पोट काढायची, स्वादुपिंड कुठे, गाठ कुठे, औषध कसं पोचतं आणि का पोचत नाही. "प्रार्थनेने गाठ जात असती तर हॉस्पिटलात माझ्या जागी फादर असते," असं एकदा म्हणाली. मुक्ता हसली नाही. म्हणाली, "पण आजी रोज तुला लावते ते?"

मावशी रोज सकाळी देवपूजा झाली की अनघाच्या कपाळाला अंगारा लावत होती. सांगलीहून निघतानाच तिने नवस बोलला होता. अनघाने आजवर आईला कधी अडवलं नव्हतं. आईला बरं वाटतं, आपलं काय जातं, असा तिचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी मावशी अंगाऱ्याची डबी घेऊन आली तेव्हा अनघाने तिचा हात धरला. मी तेव्हा खाली सूप गरम करत होतो, पण आवाज येत होता.

"आई, उद्यापासून नको."

"का गं? काय टोचतोय का तुला अंगारा?"

"तिने आणलेलं मी परत दिलं. तुझं कसं लावून घेऊ? तिला वाटेल, आपलं चालतं आणि त्यांचं तेवढं चालत नाही."

"लहान आहे ती. तिला काय कळतंय?"

"तिला सगळं कळतंय. तिला मी सांगितलंय की यातलं काहीच या दुखण्याला चालत नाही. आता मी खोटी पडले तर माझ्यामागे ती कुणाचं खरं मानेल?"

"मग मी काय करू गं इथे बसून?" मावशी म्हणाली. "स्वयंपाक तुला जात नाही. औषधातलं मला कळत नाही. एवढंच होतं माझ्या हातात." मावशी खाली आली, डबी ओट्यावर ठेवली आणि सिंककडे तोंड करून उभी राहिली. मी सूप ढवळत राहिलो. आईला तिच्या मरत्या मुलीने असं सांगावं, यापेक्षा कठीण बोलणं मी ऐकलेलं नाही. अनघालाही ते जड गेलं असणार, कारण त्या दिवशी तिने औषधाशिवाय काहीच घेतलं नाही. पण नंतर अंगारा लागला नाही. गणपतीत मावशीने नवसाचं नाव काढलं नाही. अनघा खुर्चीत बसून आरतीला होती, टाळ्या वाजवत होती. मुक्ताने विचारलं, "मग तू नमस्कार कशाला करतेस?" अनघाने थोडा विचार करून सांगितलं, "मागायला नाही करत. लहानपणापासून करते, म्हणून करते. मला त्याच्यासमोर बरं वाटतं." मुक्ताला ते पटलं की नाही ते कळलं नाही. तिने नमस्कार केला नाही, मोदक मात्र खाल्ला.

शेवटचे काही आठवडे अनघा हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्यांच्या शुश्रूषागृहात होती. 'कशी आहेस' म्हणून विचारणाऱ्या नर्सला ती इथल्या पद्धतीने "ग्रँड", म्हणजे मस्त, म्हणायची आणि मग माझ्याकडे बघून मराठीत, "ही विचारते म्हणून सांगते, नाहीतर काही खरं नाही." त्याच सुमाराला कायदा बदलल्याची बातमी आली. कॅथलिक प्राथमिक शाळांना प्रवेश देताना आता बाप्तिस्मा विचारता येणार नाही. समीरने तिला ती वाचून दाखवली. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "फाटक उघडलं. आतली खोली तशीच." कायद्याने प्रवेश बदलला होता, अर्धा तास बदलला नव्हता. आमचं नीट बोलणं झालं ते तेव्हाचं शेवटचं. मी उठताना तिने विचारलं, "मुक्ताला पटलंय का रे? तुला काय वाटतं?" मी म्हणालो, मला माहीत नाही. ती म्हणाली, "हं." तिला खोटा दिलासा दिला असता तर तिने तो लगेच ओळखला असता.

त्या मंगळवारी मी शाळेत गेलो तेव्हा धर्मशिक्षणाचाच तास चालू होता. मुक्ता तिसरीत आहे आता, बाई निराळ्या आहेत, टेबल मागेच आहे. दारातून मला बघताच तिने पेन्सिली पेटीत भरल्या, पेटी दप्तरात घातली, खुर्ची आत सरकवली. मग माझ्याआधी दाराबाहेर निघाली. अंत्यसंस्काराला सगळा वर्ग गणवेशात आला आणि स्मशानगृहाच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी उभा राहिला, इथे तशी पद्धत आहे. फादरही आले होते. ते मागे उभे राहिले, पुढे आले नाहीत.

नोव्हेंबर हा इथे गेलेल्या माणसांचा महिना. शाळेत मुलं कागदाची पानं कापतात, पानावर आपल्या घरातल्या मृत माणसाचं नाव लिहितात आणि धर्मशिक्षणाच्या कोपऱ्यातल्या झाडाच्या चित्रावर ती चिकटवतात. महिनाभर रोज त्यांच्यासाठी प्रार्थना होते. नव्या बाईंनी समीरला फोन करून विचारलं, मुक्ताच्या आईचं नाव लावलेलं चालेल का? त्याने मला बोलावलं. अनघा असती तर काय म्हणाली असती, यावर आम्ही दोघे बसून राहिलो. मावशी म्हणाली, "लावू दे. नावाला काय होतंय." शेवटी मुक्तालाच विचारलं.

"त्यावर प्रार्थना करणार का?" तिने विचारलं.

"हो."

"त्याने काही होणार आहे का?"

"नाही," समीर म्हणाला.

"मग लावा," मुक्ता म्हणाली. "नाहीतर सगळ्यांना वाटेल, आमच्याकडे कुणी मेलंच नाही."

पान आता तिथे आहे, मी पालकसभेला गेलो तेव्हा पाहिलं. बाकीच्या पानांवर आजोबा-पणजोबांची नावं आहेत, एका मुलाने आपल्या कुत्र्याचं लिहिलं आहे. एकाच पानावर 'ममी' आहे. या शुक्रवारी महिना संपतो, पानं उतरवायची आहेत. समीरने फ्रीजच्या दारावरची बिलं आणि डॉक्टरांच्या भेटींची कार्डं काढून तिथे जागा केली आहे. मुक्ताने तो रिकामा चौकोन पाहिला आणि मला बाजूला बोलावून सांगितलं, "मामा, ते घरी आणायची परवानगी आहे का, ते आधी टीचरना विचार." मी विचारलं. बाई म्हणाल्या, अर्थातच, ते तिचंच आहे. तसं मी तिला येऊन सांगितलं.

"फादरनाही विचार," ती म्हणाली.